चोरल, सैलानी की हनुवंतिया: पायवाट कोठे आणि मुक्काम कोठे

इंदूरहून खंडवा रस्त्याने दक्षिणेला निघाले की सिमरोलनंतर माळव्याचे पठार संपते आणि रस्ता घाटाने निमाडात उतरू लागतो. या दिशेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरांच्या आत तीन जलाशय आहेत. पहिला चोरल नदीवरचा, आकाराने लहान आणि घरापासून जवळ. दुसरा ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्याचा, त्याच्या काठी सैलानी आहे. तिसरा इंदिरा सागर, त्याच्या काठी हनुवंतिया आहे. दिवाळी आटोपून थंडी पडू लागली की राजवाड्यामागच्या गल्ल्यांपासून सुदामानगरापर्यंत आपल्या मराठी घरांमध्ये पाहुणे येतात, आणि सराफा व छप्पन दुकान या खाऊगल्ल्या आणि पोहे-जलेबी झाल्यावर तिसऱ्या दिवशी प्रश्न निघतो की आता बाहेर कोठे जायचे. गेल्या वर्षी आमच्याकडे पुण्याचा भाचा आला होता. सह्याद्रीतले वीस-पंचवीस किल्ले त्याने पालथे घातलेले असल्यामुळे त्याचा प्रश्न अधिक नेमका होता: "मामा, इकडे ट्रेक कुठे करता आणि तंबू कुठे ठोकता?"

हा प्रश्न एका वाक्यात विचारला जात असला तरी त्याची उत्तरे दोन आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेक फसलेल्या सहलींचे मूळ ती दोन एकत्र शोधण्यात आहे. इंदूरच्या दक्षिणेला चांगली पायवाट आणि चांगला मुक्काम सहसा एका ठिकाणी मिळत नाहीत. याचे कारण जमिनीच्या घडणीत आहे. विंध्याची कड जेथे तुटते तेथे दऱ्या, धबधबे आणि सागाचे जंगल आहे, म्हणजे चालण्यासारखे पुष्कळ आहे, पण पाण्याकाठी मोकळी सपाट जागा फारशी नाही. याउलट नर्मदेच्या खोऱ्यात मोठे पाणी आणि विस्तीर्ण काठ आहेत, पण जमीन इतकी सपाट आहे की तासभर चालल्यावर आपण कोठे पोहोचलो हे सांगता येत नाही. म्हणून तिन्ही ठिकाणांची तुलना करण्याआधी आपल्याला चालायचे आहे की राहायचे आहे, हे घरातच ठरवून घ्यावे.

चोरल, पाताळपाणी, कालाकुंड

चोरलचा जलाशय इंदूरहून साधारण पंचेचाळीस किलोमीटरांवर आहे. सकाळी पोहे खाऊन निघालेला माणूस तेथे नाश्ता पचायच्या आत पोहोचतो. राज्य पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान पाण्याकाठी आहे, नौकेची सोय आहे, आणि समोर बुटक्या डोंगरांची रांग दिसते. येथे एक रात्र राहणे सुखाचे आहे, पण ते हॉटेलात राहणे आहे, तंबूत नव्हे. जलाशयाला काठाकाठाने पूर्ण फेरी मारता येईल अशी बांधलेली वाट नाही. शेते, नाले आणि काटेरी झुडपे मध्ये येतात आणि अर्ध्या-पाऊण तासानंतर आपण मागे वळतो. ज्यांना केवळ पाण्याजवळ बसायचे आहे त्यांना इतके पुरते.

खरी पायवाट जलाशयावर नसून त्याच नदीच्या वरच्या अंगाला, पाताळपाणी ते कालाकुंड या टप्प्यात आहे. चोरल नदी पाताळपाणीला सुमारे तीनशे फूट खोल उडी घेते आणि पुढे दरीतून वाहत कालाकुंडकडे जाते. तिच्या सोबतीने जुना मीटरगेज लोहमार्ग उतरतो. हा लोहमार्ग इंदूरच्या मराठी माणसाने एकदा तरी मन लावून पाहावा, कारण त्याच्यामागे होळकरांचा पैसा आहे. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला १ कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने आणि साडेचार टक्के व्याजाने कर्ज दिले, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत खंडव्याहून निघालेली गाडी इंदूरला येऊन पोहोचली. पाताळपाणी आणि कालाकुंड यांमधले अंतर साडेनऊ किलोमीटरांच्या आसपास आहे, मार्गात चार बोगदे आहेत, आणि घाटाचा उतार चाळिसास एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, इतका तीव्र आहे. २५ डिसेंबर २०१८ पासून या टप्प्यावर पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली. ती वर्षभर रोज धावत नाही, म्हणून निघण्यापूर्वी तिचे दिवस पाहून घ्यावेत.

पुष्कळ लोक कालाकुंडला रुळांवरून चालत जातात. हा मार्ग सोपा वाटतो, वाट चुकण्याची भीती नसते आणि बोगद्यात फोटो चांगले येतात. तरीही मी तो कोणाला सुचवणार नाही. रुळांवरून चालणे रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, बोगद्यात बाजूला सरकायला जागा नसते, आणि स्लीपरांमधले अंतर माणसाच्या पावलाला कधीही जुळत नाही, त्यामुळे दोन तासांनी गुडघे बोलू लागतात. जंगलातून उतरणाऱ्या गुराख्यांच्या वाटा अधिक चांगल्या आहेत. त्या नकाशावर नीट दिसत नाहीत, म्हणून पाताळपाणीच्या वस्तीतून एखादा जाणता भिल्ल वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याचे पैसे निघण्याआधी ठरवावेत. हा इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिल्लाचा मुलूख आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी त्याला जबलपूरला फाशी झाली, पण पाताळपाणीला त्याचे स्थान आजही पुजले जाते, आणि येथे कोणी त्याचे नाव नुसते घेत नाही, टंट्यामामा म्हणतात. आमच्या वाटाड्याने भाच्याच्या तोंडून मामा हा शब्द तीन-चार वेळा ऐकला, तेव्हा त्याने वळून पाहिले आणि हसत विचारले की कोणत्या मामाला हाक चालली आहे.

सह्याद्रीची सवय असलेल्यांना येथे एक गोष्ट आधी सांगावी लागते. किल्ल्यावर जाताना चढण आधी असते. ताजे पाय, गार सकाळ आणि भरलेली बाटली या तिन्ही गोष्टी चढणीच्या वाट्याला येतात, आणि थकलेला माणूस उताराने घरी येतो. माळव्यात हे सगळे उलटे आहे. आपण आधीच पठारावर, साडेपाचशे मीटरांच्या उंचीवर राहतो, त्यामुळे सहल उताराने सुरू होते आणि चढण परतीला, दुपारच्या उन्हात, पाणी संपत आल्यावर भेटते. लोहमार्गाच्या उतारावरून हिशेब केला तर फरक दोनशे मीटरांहून थोडा अधिक भरतो. सिंहगड चढणाऱ्याला हा आकडा ऐकून हसू येईल, आणि आमच्या भाच्यालाही आले. तो दरीत जवळजवळ धावत उतरला. कालाकुंडला आम्ही अकराच्या सुमाराला पोहोचलो तेव्हा त्याच्या दोन बाटल्यांपैकी दीड रिकामी झाली होती. स्थानकाजवळ पळसाच्या पानांच्या द्रोणात मिळणारा कालाकुंडचा कलाकंद त्याने दोनदा खाल्ला. हा कलाकंद रवाळ असतो, त्याला किंचित धुराचा वास येतो आणि द्रोणाच्या तळाशी दुधाचा ओलावा उतरतो. तो खाल्ल्यावर तहान दुप्पट लागते, हे मी त्याला सांगायला विसरलो. परतीच्या चढणीवर एक वाजता तो एका सागाखाली बसला. जानेवारी संपत आला होता आणि सागाची अर्धी पाने गळून पायाखाली पापडासारखी वाजत होती, त्यामुळे झाड असूनही सावली नव्हती. "मामा, हे तर उलटं आहे," तो म्हणाला. माझ्या पिशवीतली राखीव बाटली त्या दिवशी कामी आली. उतरताना पाण्याचा तिसरा हिस्सा प्यावा आणि दोन हिस्से चढणीसाठी ठेवावेत, हा हिशेब तेव्हापासून आमच्या घरात पक्का झाला आहे.

चोरल खोऱ्याच्या अवतीभवती आणखीही वाटा आहेत. तिंछा, मेहंदी कुंड, बामनिया कुंड आणि सिमरोलकडचा कजलीगड यांची नावे इंदूरच्या हौशी मंडळींना पाठ असतात. यांपैकी कजलीगड लहान मुलांसोबत अर्ध्या दिवसासाठी चांगला आहे, कारण गाडी जवळपर्यंत जाते आणि दरी वरूनच दिसते. धबधब्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला प्रवाहाच्या मधोमध असलेली माणसे अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली. धबधब्याच्या जागी पाऊस नसला तरी वरच्या पठारावर पडलेला पाऊस थोड्याच वेळात तेथे पोहोचतो, हे त्यामागचे साधे कारण आहे. पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी अनेकदा बंदी घालते, आणि ती बंदी म्हणजे सरकारी कटकट आहे असे मानणाऱ्यांच्या सोबत जाऊ नये.

या जंगलात तंबू ठोकून रात्र काढावी का, असेही विचारले जाते. वनखात्याच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी मी करणार नाही. महू, मानपूर आणि चोरल या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, आणि मे २०२३ मध्ये तर महूच्या लष्करी परिसरातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला होता. दिवसा चालावे आणि संध्याकाळी जलाशयाकाठच्या खोलीत किंवा सरळ घरी परतावे.

हनुवंतिया

हनुवंतियाची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. येथे पाणी हेच सर्व काही आहे. पुनासाजवळ नर्मदेवर बांधलेल्या इंदिरा सागर धरणाची उंची ९२ मीटर आणि लांबी ६५३ मीटर आहे, त्यामागे १२.२२ अब्ज घनमीटर पाणी साठते, आणि साठवणक्षमतेच्या दृष्टीने हा देशातला सर्वांत मोठा जलाशय मानला जातो. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याची पायाभरणी केली आणि त्यानंतर आठ दिवसांनी त्यांची हत्या झाली. जलाशय भरला तेव्हा अडीचशेच्या आसपास गावे बाधित झाली, आणि २००४ मध्ये हरसूद हे भरभराटीचे गाव रिकामे करावे लागले. हनुवंतियाच्या सज्जातून सूर्यास्त पाहताना ही गोष्ट कोणी सांगत नाही, पण पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांचे शेंडे दिसले की माहीत असलेल्या माणसाला ती आठवतेच.

इंदूरहून येथे पोहोचायला बडवाह, सनावद आणि पुनासा-मूंदीचा रस्ता धरला तर आरामात तीन-साडेतीन तास लागतात. घाटात चौपदरीकरणाचे काम चालू असेल तर वेळ वाढतो, म्हणून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नये. थंडीत गेले तर सनावदच्या आसपास खळ्यांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या दिसतात आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी घशाला ठसका लागतो. गाडी बाजूला घेऊन तेथे थोडा वेळ थांबावे.

मुक्कामाच्या बाबतीत तिन्ही ठिकाणांत हनुवंतिया पहिले आहे. महामंडळाची कायम निवासस्थाने आहेतच, त्याशिवाय २०१६ पासून भरणाऱ्या जलमहोत्सवाच्या काळात पाण्याकाठी तंबूंची एक वसाहतच उभी राहते. मात्र तंबू या शब्दाने फसू नये. आत पलंग, गादी, पंखा किंवा वातानुकूलन, लागून न्हाणीघर आणि बाहेर गालिचा असतो. पाठीवर पिशवी घेऊन आलेल्या, स्वतःच्या हाताने खुंट्या ठोकणाऱ्या माणसाला हे राहणे तंबूचे वाटणार नाही. ज्यांच्या घरात सत्तरीचे आजी-आजोबा आहेत आणि ज्यांना आपल्या नातवंडांसोबत पाण्याकाठी रात्र काढायची आहे, त्यांच्यासाठी मात्र याहून सोयीचे काही नाही. दर हंगामानुसार बरेच बदलतात, आणि शनिवार-रविवारच्या मानाने मंगळवार-बुधवारी गर्दी कमी असते, एवढे लक्षात ठेवून नोंदणी करावी.

तारीख ठरवताना जलाशयाची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण जाहिरातींतल्या छायाचित्रांत ती दिसत नाही. इंदिरा सागरची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर आहे आणि वापराची किमान पातळी २४३.२३ मीटर, म्हणजे दोहोंत जवळजवळ १९ मीटरांचा फरक आहे. अरुंद, उभ्या कड्यांच्या दरीत एवढी पातळी उतरली तर काठावरची ओली रेघ फक्त खाली सरकली असती. निमाडची जमीन सपाट असल्यामुळे येथे पाणी खाली जाण्याबरोबर आडवे मागे हटते, आणि काही ठिकाणी ते फार दूर जाते. ऑक्टोबरमध्ये जलाशय भरलेला असतो, त्यानंतर वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडले जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत काठ म्हणजे भेगाळलेला गाळ आणि त्यापलीकडे चमकणारी एक रेघ उरते. काही वर्षांपूर्वी एका खाजगी आयोजकाच्या भरवशावर आम्ही एप्रिलमध्ये अशाच एका काठावर मुक्कामाला गेलो होतो. पत्रकावर पाण्याला टेकलेले तंबू होते. प्रत्यक्षात तंबूपासून पाण्यापर्यंत पोहोचायला आम्हाला पंचवीस मिनिटे चालावे लागले, आणि शेवटच्या टप्प्यात वरून कोरडा दिसणारा गाळ माझ्या मेहुण्याच्या पिंढरीपर्यंत आला. त्याची एक चप्पल अजूनही तेथेच आहे. आयोजकाचे म्हणणे असे की पाणी त्याच्या हातात नाही. ते खरे होते, पण छायाचित्र त्याच्या हातात होते.

म्हणून हनुवंतियाला जायचे तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत जावे. फेब्रुवारीतही चालते. त्यानंतर निमाडचे ऊन सुरू होते, आणि खंडवा-खरगोनचे ऊन इंदूरच्या उन्हाच्या मापाने मोजू नये.

आणि चालणे? ते येथे दुय्यम आहे. बोटीने बोरियामाल बेटावर जाऊन जंगलातून एक फेरी मारता येते. हे बेट म्हणजे पूर्वीची टेकडीच आहे, पाणी वाढले तसे तिचे बेट झाले. वाट हलकी आहे, दहा वर्षांचे मूल आनंदाने करते, आणि पक्षी पाहण्याची आवड असेल तर दुर्बीण अवश्य न्यावी. सकाळी उठून काठाने चालता येते आणि हिवाळ्यात त्या वेळी पाण्यावर धुके असते, हा अनुभव सुंदर आहे. परंतु ज्याला घाम गाळून कोठेतरी पोहोचायचे आहे, त्याचा येथे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विरस होतो. आमच्या भाच्याला मी येथे नेले नाही, त्याचे कारण हेच. थोड्या आडवाटेला, याच जलाशयाच्या काठी पिपल्या येथे निमाडचे निर्गुणी संत सिंगाजी यांची समाधी आहे. पाणी वाढणार म्हणून ती उंचावून जपली गेली. चालणाऱ्यांनी नव्हे तरी राहणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर तेथे जावे.

सैलानी आणि मांधाता

तिसरे ठिकाण दोहोंच्या मधले आहे. इंदिरा सागरच्या खाली, त्याच नदीवर ओंकारेश्वर धरण आहे, आणि त्याच्या फुगवट्याच्या काठी सैलानी बेट म्हणून महामंडळाचे निवासस्थान आहे. बेट असे नाव असले तरी गाडी तेथपर्यंत जाते. खोल्या मोजक्या आहेत, करमणुकीची साधने हनुवंतियाच्या मानाने कमी आहेत, आणि माझ्या मते हाच या जागेचा मोठा गुण आहे. रात्री येथे ध्वनिक्षेपक ऐकू येत नाही.

वर सांगितलेली पातळीची अडचण येथे जवळजवळ नाही. ओंकारेश्वर जलाशयाची पूर्ण पातळी १९६.६० मीटर आणि किमान पातळी १९३.५४ मीटर आहे, म्हणजे फरक तीन मीटरांहून थोडाच अधिक. वरच्या धरणातून वीजनिर्मितीनंतर सुटलेले पाणी या जलाशयात येते आणि येथून पुढे सोडले जाते, त्यामुळे हे पाणी वर्षभर साधारण एकाच उंचीवर राहते आणि मार्चमध्येही काठ काठासारखा दिसतो. ज्यांना परीक्षा आटोपल्यावर, म्हणजे मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीसच सवड मिळते, त्यांनी हनुवंतियाऐवजी सैलानीचा विचार करावा. या स्थिर पाण्याचीही किंमत मोजली गेली आहे. पातळी वाढवण्याच्या विरोधात २०१२ मध्ये घोघलगावचे लोक १७ दिवस गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते.

चालण्यासाठी सैलानीहून ओंकारेश्वरला यावे लागते, आणि तेथे ओंकारेश्वराचे मंदिर ज्यावर आहे त्या मांधाता बेटाची परिक्रमा ही या संपूर्ण पट्ट्यातली सर्वांत स्पष्ट आणि सुरक्षित पायवाट आहे. अंतर सुमारे सात किलोमीटर आहे. मंदिर उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठाने पश्चिमेकडे निघायचे, नर्मदा आणि कावेरी यांच्या संगमापर्यंत जायचे, मग वळून डोंगराच्या माथ्यावर चढायचे. ही कावेरी म्हणजे दक्षिणेची कावेरी नव्हे, हे पाहुण्यांना सांगावे लागते. माथ्यावर गौरी सोमनाथाचे जुने उंच मंदिर आहे, आतले शिवलिंग माणसाच्या उंचीचे आहे, आणि पुढे सिद्धनाथाच्या भग्न मंदिराच्या जोत्यावर हत्तींचे कोरीवकाम आहे. ते मी दरवेळी थांबून पाहतो, कारण त्या हत्तींत दोन एकसारखे नाहीत असे मला वाटत आले आहे. २१ सप्टेंबर २०२३ रोजी आद्य शंकराचार्यांच्या १०८ फूट उंच मूर्तीचे अनावरण झाल्यापासून माथ्यावरची वर्दळ वाढली आहे, आणि जुन्या वाटेच्या शांततेला थोडा धक्का बसला आहे. तरी सकाळी साडेसहाला निघाले तर संगमापर्यंत वानरांखेरीज कोणी भेटत नाही. हातात केळी ठेवू नयेत.

साठी ओलांडलेल्या पण रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला ही परिक्रमा तीन तासांत जमते. वाट बांधलेली आहे, पायऱ्या आहेत, मध्ये चहाच्या टपऱ्या आहेत. ज्यांच्या मनात पुढे कधीतरी नर्मदा परिक्रमा करायची आहे, आणि असा एकजण आपल्या प्रत्येक मराठी कुटुंबात सापडतोच, त्यांनी ही लहान परिक्रमा आधी करून आपले पाय तपासावेत. अनेकजण मोठ्या परिक्रमेचा संकल्प येथेच सोडतात. धरणांच्या फुगवट्यामुळे नर्मदेच्या काठाची जुनी वाट बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेली आहे, आणि परिक्रमावासींना आतल्या गावांतून वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे इंदिरा सागरच्या काठाने सलग चालत जाऊ, असा बेत कोणी नकाशा पाहून आखला असेल तर त्याने तो सोडून द्यावा.

ओंकारेश्वरला धरणाच्या खालच्या बाजूला नदीतले खडक उघडे दिसतात आणि त्यांवर जाऊन बसण्याचा मोह होतो. तो आवरावा. वीजनिर्मिती सुरू झाली की आकाश निरभ्र असतानाही पाणी भराभर चढते. २००५ च्या एप्रिल महिन्यात देवास जिल्ह्यातल्या धाराजी येथे अमावास्येच्या जत्रेला जमलेल्या भाविकांवर इंदिरा सागरमधून सोडलेले पाणी रात्री चालून आले आणि साठाहून अधिक माणसे गेली. भोंगा वाजला की कारण न विचारता काठावर यावे. नदीत मगरी आहेत, म्हणून पोहण्याची हौस घाटावरच्या साखळीच्या आत भागवावी.

कोणी काय निवडावे

हाती एकच दिवस असेल आणि पाय धडधाकट असतील तर पाताळपाणी-कालाकुंड निवडावे, आणि शक्य झाल्यास वारसा गाडीचा दिवस गाठून एक बाजू गाडीने करावी. चालत उतरून गाडीने वर येणे जमले तर उत्तमच, त्या उलट्या चढणीचा प्रश्नच राहत नाही. दोन दिवस असतील आणि सोबत तीन पिढ्या असतील तर हनुवंतिया, तेही जानेवारीच्या आत. दोन दिवस असून थोडे चालायचे, थोडे शांत बसायचे आणि देवदर्शनही साधायचे असेल तर संध्याकाळी सैलानीला पोहोचावे, पहाटे उठून ओंकारेश्वर गाठावे, परिक्रमा करून दुपारी जेवून इंदूरची वाट धरावी. मला स्वतःला तिन्हींत हाच बेत सर्वांत जास्त आवडतो. त्यात चालणे फार कठीण नसते आणि राहणे फार थाटाचे नसते, पण दोन्ही खरे असते.

श्रावणात आणि महाशिवरात्रीच्या सुमारास मात्र ओंकारेश्वरचा बेत करू नये. तेव्हा गर्दीमुळे बेटावर चालणे म्हणजे रांगेत सरकणे होते, आणि गाडी गावाबाहेर बरीच लांब लावावी लागते.

ज्यांना स्वतःचा तंबू स्वतः ठोकून रात्र काढायची आहे, त्यांच्यासाठी या तिन्ही जागा खऱ्या अर्थाने नाहीत. महामंडळाच्या आवारात विचारून परवानगी मिळाली तर तेथे, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात, हे दोनच मार्ग मला ठाऊक आहेत. भाच्याने दुसरा मार्ग धरला. बडवाहजवळ आमच्या एका स्नेह्यांचे केळीचे शेत आहे, तेथे विहिरीपाशी त्याने तंबू लावला. रात्री दोनला शेताला पाणी द्यायची पाळी आली, मोटार सुरू झाली, आणि पाटाचे पाणी वळून तंबूखाली आले. सकाळी तो झोपण्याची पिशवी केळीच्या घडांवर वाळत घालून चहा पीत बसला होता, आणि पुढच्या वर्षी सैलानीला किती दिवस आधी नोंदणी करावी लागते हे मला विचारत होता.